लोह दिसते, बिघाड त्याआधीचा असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूत लोह साचण्याच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारांविषयी जेव्हा छापून येते, तेव्हा मथळा लोहाचाच असतो आणि अंगात लोह जास्त झाले म्हणून आजार जडला, अशी वाचणाऱ्याची समजूत होते. यांपैकी 'पीकेएएन' हा आजार असलेल्या मुलाचा मी पालक आहे. एमआरआयच्या फिल्मवर काळ्या कडेत उजळ ठिपका, म्हणजे डॉक्टर ज्याला 'वाघाचा डोळा' म्हणतात ती खूण, आम्हाला दाखवली गेली आणि घरी येताच आम्ही त्याच्या ताटातले लोहयुक्त पदार्थ बंद केले. घास चावताना ज्याचा जबडा मध्येच उघडा अडकतो आणि एका जेवणाला तास लागतो, त्या मुलाचे वजन आमच्याच हातून आणखी घटले. आहारातले लोह तोडल्याने हा आजार थोपतो, असा पुरावा नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले.

या आजारात मूळ बिघाड चयापचयाचा आहे. २००१ साली सापडलेल्या 'पॅंक२' जनुकातील दोषामुळे ब-५ जीवनसत्त्वापासून को-एन्झाइम ए तयार होण्याची पहिलीच पायरी मोडते. पेशीची ऊर्जा आणि मेदाम्ले यांचा कारभार ज्या रेणूवर चालतो, त्याचीच निर्मिती अडते. लोह साचते ते या बिघाडाच्या पाठोपाठ. याच गटातल्या 'पीएलए२जी६' जनुकाच्या आजारात पेशीपटलातील मेदाची देखभाल बिघडते आणि लहान मुलांत लोह दिसण्याआधीच लहान मेंदू आक्रसू लागतो, त्यामुळे लोहाची वाट पाहत बसल्यास निदान लांबते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८८ पीकेएएन रुग्णांपैकी काहींना १८ महिने डेफेरिप्रोन हे लोह काढणारे औषध दिले गेले. मेंदूतले लोह कमी झाले, पण स्नायूंचा ताठरपणा वाढण्याचा वेग निर्णायकपणे मंदावल्याचे सिद्ध झाले नाही. आम्ही त्या औषधावर फार आशा लावून बसलो होतो.

लोहाचाच कारभार मुळात बिघडतो असे प्रकार थोडे, पण ते ओळखणेही तितकेच निकडीचे आहे. असेरुलोप्लास्मिनेमिया या याच गटातल्या आजारात पेशीतून लोह बाहेर काढायला मदत करणारे प्रथिन नसते, म्हणून रक्तात लोह कमी आणि यकृत, स्वादुपिंड व मेंदू यांत भरमसाट, अशी स्थिती होते. मधुमेह आणि रक्तक्षय कित्येक वर्षे आधी दिसतात, आणि तो साधा रक्तक्षय समजून लोहाच्या गोळ्या दिल्या तर साचलेल्या लोहात भरच पडते.

म्हणून विनंती आहे की, या आजारांवर लिहिताना जनुक कोणते आणि त्याने चयापचयाची कोणती पायरी मोडली, हे आधी सांगावे. जनुकीय तपासणीने नेमका प्रकार कळेपर्यंत पालकांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाच्या ताटातले काही काढू नये.

आपला,
एक पालक