सहा नवे बर्ड

सांगली,
२४ सप्टेंबर २०१५

प्रिय विजू,

एक्सडब्ल्यू-२ए ऐकला, चीनचा नवा बर्ड, म्हणजे उपग्रह! आपल्या गच्चीवर, मोजायच्या टेपच्या यागी अँटेनावर, खाली मंडळाचा स्पीकर कान फोडत असताना. घरात सांगितलं तर "बरं झालं, आता पानावर बसा" एवढंच उत्तर मिळालं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

रविवारी पहाटे, आपल्या घड्याळात साडेचारला, चीनच्या ताइयुआन तळावरून लाँग मार्च-६ गेलं. नवं कोरं रॉकेट, पहिलंच उड्डाण. जुन्या लाँग मार्चचं ते विषारी इंधन नाही, केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन. आणि पोटात एकदम वीस छोटे उपग्रह! पीएसएलव्हीने २००८ साली एका फेरीत दहा नेले तेव्हा तू अख्ख्या क्लबाला पेढे वाटले होतेस.

वीसात सहा आपले, म्हणजे हॅमचे, हौशी रेडिओवाल्यांचे. एक्सडब्ल्यू-२ए पासून एफपर्यंत. सहाही जणांवर लिनिअर ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला संदेश दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत खाली पाठवणारं यंत्र, वर ४३५, खाली १४५ मेगाहर्ट्झ. विजू, हे आपल्या इस्रोच्या हॅमसॅट उपग्रहाचंच गणित! गेल्या वर्षी जुलैत त्याची बॅटरी गेली तेव्हा यागी माळ्यावर टाकला होता. तोच काढला, गंजलेला बीएनसी कनेक्टर बदलला आणि उभा राहिलो. आधी नुसती खरखर. मग एकदम डा-डिट-डिट-डा, डिट-डा-डा, मोर्समध्ये 'एक्सडब्ल्यू'. सूर बारीक होता, डोक्यावरून जाताना भराभर खाली उतरत गेला. मुग्धा डायल फिरवत त्या उतरत्या फ्रिक्वेन्सीचा, डॉप्लरचा, पाठलाग करत होती आणि मी पाइप धरून आकाशभर अँटेना फिरवत होतो. समोरच्या गच्चीवरच्या वहिनींना वाटलं, केबल दुरुस्त करतोय.

तू आता म्हणशील, चीनच्या उपग्रहाचं एवढं कौतुक कशाला. अरे, हॅमसॅट नऊ वर्षं साऱ्या जगाला वापरू दिला की आपण! दोन वर्षांचं आयुष्य धरलं होतं त्याचं. "दोन वर्षांसाठी अँटेना फिरवायचा रोटर कशाला घेतोस" असं मला कोण म्हणालं होतं, तेही आठव. आणि त्यावरच्या दोन ट्रान्सपाँडरांत आपल्या लोकांनी केलेलाच सरस होता, त्या डच विद्यार्थ्याचा नव्हे. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पण खरं लिहायचंय ते मुग्धाबद्दल. परवा तिच्या घरचा सुरेश आला होता. गौरीचा फराळ पुढे ठेवला तर हात लावेना. म्हणाला, "तूच तिला नादी लावलंस, आता तूच समजाव." तिच्या कॉलेजात छोट्या उपग्रहाचा प्रकल्प आहे, ती शेवटच्या वर्षाला. कॅम्पसला कंपन्या येतायत आणि हिला अजून एक वर्ष थांबून तो उपग्रह पुरा करायचाय. पगारावर पाणी सोडून.

विजू, मला झोप नाही लागली. पोरगी हुशार आहे म्हणून नव्हे, हुशार पुष्कळ असतात. तिने मला बॅटरीच्या सर्किटचा कागद दाखवला. एका रेझिस्टरभोवती कुणीतरी पेन्सिलने गोल काढून लिहिलंय, "हा बदलू नये". का बदलू नये ते लिहिलेलंच नाही. ज्याने लिहिलं तो पास होऊन गेला, आता फोन उचलत नाही. आपल्याकडे पोरांचे उपग्रह अडतात ते इथे. रॉकेटवर जागा मिळते. २०१० साली बंगळूर-हैदराबादच्या पोरांचा स्टडसॅट गेलाच की, एक किलोच्या आतला. पण डिग्री चार वर्षांची आणि उपग्रहाला लागतात त्याहून जास्त. दर जूनला अर्धी टीम बदलते, नवी पोरं पहिल्यापासून शिकतात. पुण्याच्या सीओईपी कॉलेजचा 'स्वयम्' आणि मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' अजून उड्डाणाची वाट बघतायत, आणि त्यांच्यात हात काळे केलेली किती पोरं आता कुठे कुठे पांगली असतील.

त्या वीसात हार्बिनच्या विद्यापीठातल्या पोरांचा लायलॅकसॅट-२ पण आहे, एफएम रिपीटरवाला. पहिल्या उड्डाणावर कुणी लाखमोलाचा उपग्रह ठेवत नाही, फुटलं तर सगळंच गेलं. चीनने ती जागा विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना दिली. मला हे फार आवडलं. धोका आहे, पण चढायला तर मिळतं, आणि पोरं कॉलेजात असतानाच मिळतं. मुग्धाने हेडफोन काढून विचारलं, "काका, आमचा असा ऐकू येईल?" मी म्हटलं, येईल. सुरेशला काय सांगू ते मात्र सुचत नाही. थांब म्हणावं तर घरचं कर्ज मला माहीत आहे. सोड म्हणावं तर त्या रेझिस्टरचं कारण शोधणारं तिथे दुसरं कुणी उरत नाही.

तेव्हा तू लिही तिला. हातातली नोकरीची ऑर्डर बाजूला ठेवून तू भोपाळला गेलास, त्याचं काय झालं ते खरं खरं लिही. पहिली तीन वर्षं कशी काढलीस तेही, नुसतं शेवटचं गोड नको. पत्र तिच्या नावाने पाठव, सुरेशकडे नको.

बाकी इकडे ठीक. साखर ताब्यात, गुडघे आहेत तसेच. तुझं डोळ्याचं झालं का? वहिनींची बदली रद्द झाली हे शिरीषकडून कळलं, बरं वाटलं. ओंकारला पहिल्या पगाराबद्दल आशीर्वाद.

येत्या सोमवारी इस्रोचा खगोल-उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट जातोय, सकाळी रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर ये, नेहमीच्या जागी. आणि तुझा ४३५ चा सेट विकायला काढलायस असं ऐकतो. विकू नकोस. बोली लावणारा असेल तर त्याला माझं नाव सांग, मी बघतो त्याच्याकडे.

७३ (शुभेच्छा),
तुझा
बाळ्या