खडेबाजारातल्या त्या भावाचे आभार

आमची आजी गेल्या महिन्यात गेली. तिचे शेवटचे फोटो कॅमेऱ्यात होते आणि कॅमेरा घरच्या कॉम्प्युटरला काही केल्या जोडला जाईना. ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा ओळखायचं सॉफ्टवेअर, टाकून झाला, पोर्ट बदलून झाले. त्याच केबलवर मोबाइल व्यवस्थित चार्ज व्हायचा, त्यामुळे केबलचा संशयच आला नाही. एकाने तर कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड फॉरमॅट करून, म्हणजे सगळं पुसून, बघा म्हणून सांगितलं. नशीब, हात धजला नाही!

शेवटी खानापूरहून बस धरून बेळगाव गाठलं. खडेबाजारात एका लहानशा मोबाइल रिपेअरीच्या दुकानात गेलो. दुकानातला भाऊ मूळचा कन्नड बोलणारा. माझा चेहरा बघून म्हणाला, "काळजी करू नका की काका, फोटो कुठं जात नाहीत." आधी त्याने कार्ड काढून त्याच्या बाजूची बारीक लॉकची पट्टी खाली सरकवली. आता चुकूनही काही पुसलं जायचं नाही, म्हणाला. मग कार्ड परत कॅमेऱ्यात घालून स्वतःची केबल लावली आणि फोटो लगेच दिसले. माझ्या केबलीत फक्त करंटच्या तारा होत्या, डेटाच्या नव्हत्याच.

गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी सगळे फोटो त्याने पेनड्राइव्हवर दोनदा उतरवले. अंगणात शेंगा फोडणारी आजी स्क्रीनवर आली तेव्हा तो थांबला, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पैसे घेतले फक्त नव्या केबलीचे.

भावा, गडबडीत तुझं नावही विचारायचं राहिलं. आमच्या अख्ख्या घराकडून तुझे मनापासून आभार. आजीचा तो फोटो आता देवघराशेजारी लावलाय.