शनिवारी बेट, रविवारी शहर: चेर्लाईच्या काकूंना आभारपत्र

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

केरळमधल्या कोची आणि वैपीन बेटाच्या दोन दिवसांच्या सहलीचा आमचा आराखडा तुम्ही क्रम उलटा करून परत पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र मुद्दाम जाहीर लिहितो आहोत. तुम्ही फोनवर तासभर जे समजावून सांगितलंत, ते मुंबई-पुण्याहून किंवा गोव्याहून तिकडे निघालेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. आमच्या वहीत पडून राहण्यासारखं ते नाही.

आमच्या कागदावर शनिवारी फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, रविवारी वैपीन असं होतं. बहुतेक जण असंच आखतात: आधी शहर उरकायचं, मग समुद्रावर निवांत बसायचं. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, शनिवारी मट्टांचेरीचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उघडं असतं का? नसतं. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ. १५६८ सालचं हे 'परदेशी' नावाचं सिनेगॉग त्या दिवशी पाहुण्यांना बंद, आणि शुक्रवारी दुपारनंतरही त्याचा भरवसा धरू नये. शेजारचा मट्टांचेरी राजवाडा शुक्रवारी बंद. म्हणजे शुक्रवारी किंवा शनिवारी ज्यू टाउनच्या, म्हणजे सिनेगॉगजवळच्या, गल्लीत आलेल्या माणसाला दोन्हींपैकी एक दार बंदच मिळतं. रविवारी दोन्ही दारं उघडी असतात. एवढ्या एका गोष्टीवर सगळी सहल फिरवावी लागते, आणि ती फिरवली की बाकीचंही आपोआप जागेवर बसतं.

कारण विमानतळ आहे नेडुंबाश्शेरीला, शहराच्या पार उत्तरेला. तिथून फोर्ट कोची साधारण ४० किलोमीटर, आणि तेही एडपळ्ळी, एर्नाकुलमच्या गर्दीतून. चेराईचा किनारा मात्र वैपीनच्या उत्तर भागात, विमानतळापासून उत्तर परवूरमार्गे साधारण २५ किलोमीटरवर. शुक्रवारी रात्री उतरून थेट चेराईला मुक्काम करायचा, शनिवार बेटावर घालवायचा, मग बेटाच्या लांबीनं दक्षिणेकडे सरकत यायचं आणि टोकाला बोट धरून पलीकडे फोर्ट कोचीत उतरायचं. एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. मडगावहून रात्रीच्या गाडीनं येणाऱ्यांना तुमचा सल्ला तोच: एर्नाकुलमपर्यंत जाऊ नका, आलुव्याला थांबणारी गाडी बघा आणि तिथेच उतरून परवूरचा रस्ता धरा. मुंबईहून रेल्वेनं जायला मात्र अख्खा दिवस जातो, दोन दिवसांच्या सहलीत ते बसत नाही.

खोली घेताना काय विचारायचं हेही तुम्हीच सांगितलंत. चेराईला जमिनीची पट्टी इतकी अरुंद आहे की रस्त्याच्या एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडीचं संथ पाणी. समुद्राकडची खोली महाग असते, पण पावसाळ्यात लाटा किनारा खातात आणि काही ठिकाणी वाळूऐवजी दगडांचा बांध समोर येतो. म्हणून "समुद्र दिसतो का" असं न विचारता "खोलीसमोर वाळू आहे की बांध" असं विचारायचं. पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक असतील त्याच पट्ट्यात, आणि जून ते सप्टेंबर उतरायचंच नाही. संध्याकाळी डास येतात, ते खाडीच्या बाजूनं. मलम सामानाच्या तळाशी नको, हाताशी हवं.

काकू, तुमचं पोक्कळीचं बोलणं आम्हाला सगळ्यांत आवडलं. बेटाच्या पूर्वेकडे जी पाण्यानं भरलेली शेतं दिसतात त्यांना पर्यटक तळी समजून पुढे जातात. जूनचा पाऊस आला की खाऱ्या पाण्याचा खारेपणा उतरतो, तेव्हा तिथे पोक्कळी भात लावतात. रोप माणसाच्या छातीला येतं. ऑक्टोबरच्या सुमारास वरच्या लोंब्या तेवढ्या कापायच्या, खालचा पेंढा पाण्यातच कुजू द्यायचा. मग बांधातली दारं उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, त्याच्याबरोबर कोळंबी येते आणि तो कुजका पेंढाच तिचं खाद्य होतो. पुढच्या पावसापर्यंत कोळंबी, मग पुन्हा भात, आणि खत विकत आणायची गरज नाही. गोव्यातली खाजनं, म्हणजे बांध घातलेली खाऱ्या पाण्याची शेतं, आणि त्यांची मानस, म्हणजे पाण्याची दारं, ज्यांनी बघितली आहेत, त्यांना हे चटकन कळेल. आम्ही आता प्रत्येकाला सांगतो, शनिवारी सकाळी समुद्र सोडा आणि तासभर या बांधांवरून चाला. भात बघायचं तर सप्टेंबर, कोळंबी बघायची तर डिसेंबरनंतर.

उत्तर टोकाजवळचा पळ्ळिपुरमचा किल्ला पोर्तुगिजांनी १५०३ मध्ये बांधलेला, षट्कोनी आणि लहानसा. अर्धा तास पुरतो. मुळात हे बेटच अलीकडचं. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिसचं प्राचीन बंदर गाळानं बुजलं, कोचीचं मुख मोकळं झालं आणि वैपीन वर आलं, अशी इथली समजूत. त्या सालापासून मोजायची 'पुतुवैप्पु' कालगणनाही इथे होती.

आता बोट. वैपीनच्या दक्षिण टोकाहून फोर्ट कोचीला गाड्या नेणारी रो-रो आहे, तुमच्याकडे तिला जंकार म्हणतात. दाभोळ-धोपाव्याची जंगलजेट्टी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. पाणी ओलांडायला पाच-सात मिनिटं लागतात. वेळ जातो तो रांगेत. दोन बोटींपैकी एक दुरुस्तीला गेली असेल तर रविवारी गाड्यांची रांग तासाला भिडते, आणि गोश्री पुलांवरून एर्नाकुलमला वळसा घालून जायचं तर पंधरा किलोमीटरच्या वर रस्ता. त्यामुळे तुमचा नियम सोपा: भाड्याची गाडी वैपीनच्या धक्क्यावरच सोडा, बॅग उचला आणि पायी चढा. पायी माणसाला रांग जवळजवळ नसते. सुटे पैसे हातात ठेवा. हे शनिवारी ऊन उतरायच्या आत करा, म्हणजे सूर्यास्ताला पलीकडे चिनी जाळ्यांपाशी पोचता येतं.

त्या जाळ्यांपाशी थांबून काय बघायचं तेही तुम्ही सांगितलंत, म्हणून लोक आता नुसता फोटो काढून निघत नाहीत. चीनवला म्हणजे मोठा तराजूच. एका टोकाला पाण्यावर पसरलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. एक माणूस मधल्या वाशावर चालत पुढे गेला की तोल ढळतो आणि जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबून पाच-सहा जण दोर ओढतात, दगड एकेक करून खाली फळीवर टेकतात, जाळं वर येतं. बऱ्याचदा त्यात मूठभरच मासळी असते. दोर ओढायला बोलावलं तर जरूर ओढावा, पण ते पैसे मागणार हे धरून चालावं, आणि ते रास्तच आहे. शेजारी मासळी घेऊन बाजूच्या टपरीत शिजवून मिळते. तिथे वजन डोळ्यांदेखत करून घ्यायचं आणि शिजवण्याचे पैसे आधीच ठरवायचे, नाहीतर बिल दुप्पट होतं.

रविवारचं वेळापत्रक तुम्ही घड्याळ लावून दिलंत. १० वाजता सिनेगॉगच्या दारात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर, फोटो नाही. खाली बघा: निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हातानं रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी सापडत नाही. दुपारी १ ते ३ सिनेगॉग बंद असतं, त्यामुळे उशिरा आलेल्यांना ताटकळावं लागतं. तुमच्या क्रमानं तोवर आपण राजवाड्यात असतो, शयनगृहाच्या भिंतींवरच्या रामायणाच्या चित्रांसमोर. सेंट फ्रान्सिस चर्च मात्र सकाळी नको, रविवारी तिथे उपासना असते. दुपारनंतर जावं. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथेच पुरलं, १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याचा दगड आहेच, पण वर छताला टांगलेले कापडी पंखेही बघावेत, बाहेर बसलेला माणूस दोरी ओढून ते हलवायचा.

फार स्वस्तात फिरवतो म्हणणाऱ्या रिक्षाबद्दलची तुमची सूचना आम्ही ठळक अक्षरांत लिहिली आहे. ती रिक्षा दोन-तीन दुकानांच्या दारात नेते, तिथे रिक्षावाल्याला कमिशन मिळतं आणि आपला दीड तास जातो. ज्यू टाउन आणि राजवाडा एकमेकांना लागून आहेत, तिथे रिक्षा लागतच नाही.

आणि मट्टांचेरीजवळच्या तुमच्या चेर्लाईबद्दल. सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेल्या कोकणी माणसांचं तिरुमल देवस्थान मराठी प्रवाशांच्या यादीत नसतं, याचं आम्हाला वाईट वाटतं. ते आता आमच्या कागदावर आहे: सकाळी लवकर जायचं कारण दुपारी देऊळ बंद होतं, पुरुषांनी सदरा काढायचा, धोतर किंवा मुंडू नेसायचा. बाहेर कोकणी कानावर पडते आणि जेवणात दाळीतोय, म्हणजे कोकणी पातळ वरण, मिळते.

परतीला फोर्ट कोचीहून विमानतळापर्यंत रविवारी संध्याकाळी दोन तास धरायचे. २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू झाली आहे, पण रविवारी पर्यटकांची झुंबड असते आणि बोटीत मोजकीच माणसं घेतात. रांग लांब दिसली तर साधी सरकारी बोट धरून एर्नाकुलम गाठायचं, तिथून मेट्रोनं आलुवा, पुढे विमानतळ. महिन्यांचंही तुमचं म्हणणं पटलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबरात दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी. ३१ डिसेंबरला पप्पांजी, म्हणजे म्हाताऱ्याचा मोठा पुतळा, जाळतात, तेव्हा फोर्ट कोचीत पाय ठेवायला जागा नसते आणि परतीचं वाहन मिळत नाही.

पुढची मंडळी जानेवारीत येतील. त्यांच्या हाती रत्नागिरीची एक किलो आमसुलं पाठवतो आहोत. तुमच्या कुडमपुळीपेक्षा ती कमी आंबट लागतील, दाळीतोयीत चालतात का ते कळवा. आणि पोक्कळीचा तांदूळ कोणत्या घरी मिळतो ते त्यांना दाखवाल, ही विनंती.

आपले ऋणी,
सहलींचे आराखडे करणारे आम्ही तिघं
डोंबिवली