एका तासाने हुकलेला क्लेम

संपादक साहेब, नमस्कार.

१ एप्रिल २०२४ पासून आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीला मेडिक्लेममध्ये अॅलोपॅथीच्या बरोबरीने धरायचं, वेगळी मर्यादा लावायची नाही असं आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना सांगितलं, तेव्हा आमच्या घरी लई आनंद झाला होता. आता तो पार उतरलाय, का ते सांगतो.

माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. दिवसभर स्टुलावर बसून. त्याला भगंदर झालं, म्हणजे गुदद्वाराजवळ आतून बाहेर वाहणारी वाट पडते ते (लोक हे नाव घ्यायला लाजतात आणि दुखणं वाढवून बसतात, म्हणून मुद्दाम लिहितोय). आधी मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन केलं, सकाळी नेलं, संध्याकाळी घरी, डे केअर (२४ तास अॅडमिट न राहताही क्लेम मिळणारे उपचार) म्हणून कॅशलेस पास, कोणी एक प्रश्न विचारला नाही. आठ महिन्यांत परत तेच. मग वैद्यांकडे क्षारसूत्र केलं.

क्षारसूत्र म्हणजे काय तर साधा दोरा, पण त्याच्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण २१ लेप चढवून सुकवलेला. भगंदराच्या वाटेत तो दोरा ओवून ठेवतात, तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते, दर आठवड्याला जुना काढून नवीन घालायचा. भावाला नऊ आठवडे लागले. दर सोमवारी अर्धा दिवस सुट्टी, आणि दोरा बदलताना हा गडी माझं मनगट असं आवळायचा की बोटांचे वळ उठायचे. पण बरा झाला बघा, आज स्टुलावर नीट बसतोय.

आता क्लेमचं ऐका. पहिला दोरा घालताना अॅडमिट केलं होतं, सकाळी दहाला. दुसऱ्या दिवशी नऊला डिस्चार्ज, कारण वैद्य म्हणाले बरं आहे, जा घरी. डिस्चार्ज कार्डावर २३ तास! टीपीएचं (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी एजन्सी) उत्तर आलं, २४ तास पूर्ण नाहीत, क्लेम रिजेक्ट. आणि दोरा बदलायची बिलं ओपीडीची, ती पॉलिसीत बसत नाहीत. म्हणजे सकाळ ते संध्याकाळच्या ऑपरेशनला डे केअरची सवलत, आणि त्याच दुखण्यावर दोरा घातला की घड्याळ लावून बसायचं, ही कुठली बरोबरी ओ? नियमात आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी वगैरे) डे केअर सेंटर हा शब्द आहे की, मग क्षारसूत्र डे केअरच्या यादीत घालायला काय अडचण आहे? आणि अॅडमिशन पास झालं असतं तर नंतर बदललेले दोरे पोस्ट हॉस्पिटलायझेशनमध्येच (डिस्चार्जनंतरचा खर्च) धरायला पाहिजेत, कारण दोरा न बदलता तो उपचार पूर्णच होत नाही. अर्ध्या उपचाराचे पैसे देऊन काय उपयोग.

कंपन्यांची भीती मला कळते. तेल चोळून आराम करायला गेलेले लोक पंचकर्माचं बिल लावतात, हे मी पण पाहिलंय. म्हणूनच तर कमीत कमी ५ बेड, चोवीस तास पात्र वैद्य, रोजचं रेकॉर्ड अशा अटी आयुष हॉस्पिटलला आहेत, त्या असूदेत. आम्ही गेलो तो दवाखाना छोटा असला तरी या अटीत बसतो. आणि शल्यतंत्रात (आयुर्वेदातली सर्जरी) एमएस झालेल्या वैद्यांना ठराविक शस्त्रक्रियांची परवानगी २०२० साली सरकारनेच नोटिफिकेशन काढून दिली आहे, मग कागद बघा, पण घड्याळ कशाला बघता?

आपल्या सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद कॉलेज आहे, घरटी एखादा तरी वैद्याकडे जाणारा आहे. अशांना सांगतो, हप्ता भरायच्या आधी एजंटला विचारा की क्षारसूत्र डे केअरमध्ये आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी सगळे हो म्हणतात, आम्हाला पण म्हणाला होता. अॅडमिट झालात तर डिस्चार्जच्या वेळेवर लक्ष ठेवा.

आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जायचं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. आज बावीसावा दिवस आहे, झेरॉक्स काढून ठेवल्यात.

आपला,
एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर