मणके कसे मोजले, ते रिपोर्टमध्ये लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेर-चोपड्याकडचा माणूस कंबर धरली की जळगाव नाहीतर धुळे गाठतो, एमआरआय काढतो आणि रिपोर्टमधला 'सॅक्रलायझेशन' हा शब्द पाहून हादरतो. "मना मनका सरकेल शे का?" असं विचारणारे कितीतरी जण एक्स-रे खोलीत काम करताना मला भेटतात. मणका सरकलेला नसतो, तो जन्मापासूनच तसा असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही नसतो.

कमरेचे मणके साधारणपणे पाच. काहींचा पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीला (माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला) जुळलेला असतो, हेच सॅक्रलायझेशन, तर काहींच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहून कमरेत सहा दिसतात. अशा जोडामुळे कंबर दुखूही शकते. इटलीच्या डॉ. बर्टोलोटी यांनी १९१७ मध्येच ते नोंदवलं आहे. पण मला खरी काळजी वाटते ती मोजणीची. नुसत्या कमरेच्या एमआरआयमध्ये वरून मोजायला मान दिसत नाही. मग एक डॉक्टर ज्याला चौथा म्हणतो, त्यालाच दुसरा पाचवा म्हणतो, आणि ऑपरेशन दोन मणक्यांमधल्या भलत्याच गादीवर होण्याचा धोका उभा राहतो. मानेपासून खालपर्यंतचं एक झटपट चित्र त्याच वेळी घेतलं तर हा घोळ बराचसा टळतो. त्याला फारसा वेळ लागत नाही. रेडिओलॉजिस्ट मंडळींना कळकळीची विनंती, की मणके वेगळे दिसले तर ते कुठून आणि कसे मोजले, हे एका ओळीत जरूर लिहा.

पाचरीसारखा अर्धवट मणकाही असाच जन्मजात असू शकतो. आपल्याकडे टीबी पुष्कळ, त्यामुळे शंका आधी तिकडेच जाते आणि ती घ्यायलाच हवी. मात्र जन्मजात मणक्याचे काठ गुळगुळीत असतात, शेजारचे मणके त्याच्या आकाराला धरून वाढलेले असतात. टीबीत काठ कुरतडल्यासारखे दिसतात, मधली गादी बसते, बऱ्याचदा आजूबाजूला पू साठतो. लहान मुलात असा मणका सापडला तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि हृदयाची इको तपासणीही करून घ्यावी, कारण गर्भात हे अवयव त्याच सुमारास घडत असतात.

आणि रुग्णांनो, जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका. दहा वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही मणका तसाच दिसला, तर डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होतं.

आपला,
एक क्ष-किरण तंत्रज्ञ, अमळनेर (जि. जळगाव)