सूचना : प्रथम वर्षाच्या ग्रॅम रंजन प्रात्यक्षिकाबाबत

सूक्ष्मजीवशास्त्राच्या सर्व शिक्षक सदस्यांस कळविण्यात येते की, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रॅम रंजनासाठी (जिवाणू रंगवून त्यांचे ग्रॅम-धन व ग्रॅम-ऋण हे दोन गट ओळखण्याची पद्धत) 18 ते 24 तासांचे ताजे संवर्धनच (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू) द्यावे, कारण जुन्या संवर्धनातील, एरवी जांभळ्या राहणाऱ्या ग्रॅम-धन पेशी जांभळा रंग टिकवू न शकल्याने गुलाबी दिसतात आणि नवखा विद्यार्थी विनाकारण स्वतःच्या हाताला दोष देतो. खरी कसोटी 95 टक्के अल्कोहोलने रंग काढताना लागते; काचपट्टी तिरपी धरून, ओघळणारा थेंब रंगहीन होताच ती लगेच पाण्याने धुवावी, हे फळ्यावर न सांगता प्रत्येक टेबलापाशी उभे राहून दाखवावे, अशी कळकळीची विनंती आहे. लालबुंद तापवलेला लूप (जिवाणू उचलण्याची तारेची कडी) निवल्याशिवाय जिवाणूंच्या वसाहतीला टेकवू देऊ नये. वापरलेल्या पेट्री डिश 121 अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकू नयेत.