सेट-टॉप बॉक्सवर वॅटचा आकडा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या अंकात वाढीव वीजबिलांबद्दल वाचकांची पत्रे येऊ लागतात. बहुतेक पत्रांचा रोख मीटरवर असतो. मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका आहे. मीटरला दोष देण्याआधी एकदा तो नीट वाचावा, असे ठरवून या हिवाळ्यात एक साधा प्रयोग केला. त्यातून जे कळले ते खान्देशातल्या घराघरांना उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

निमित्त झाल्या सासूबाई. त्यांचे वय नव्वदीच्या घरात. रात्री उठल्या की अंधारात टीव्हीखालचा लाल ठिपका त्यांना दिसतो. एका रात्री त्यांनी विचारले, "बाई, हाऊ लाल दिवा कसाले चालू शे?" टीव्ही तर रिमोटने बंद होता. मला नीट उत्तर देता आले नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडले. दुसऱ्या रात्री घरातले सगळे दिवे-पंखे बंद केले, फ्रिजची पिनही काढली आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर बसले. माझ्या हिशेबाने दिवा जवळजवळ थांबायला हवा होता. पंधरा मिनिटांत तो पंचेचाळीस वेळा लुकलुकला. म्हणजे ताशी १८०, सुमारे ५६ वॅट. दिवसाला १.३५ युनिट, महिन्याला चाळीस. सगळे घर झोपलेले असताना!

मग एकेक पिन काढत गेले. हॉलमधला सेट-टॉप बॉक्स काढताच दोन लुकलुकींमधले अंतर वीस सेकंदांवरून पंचवीसवर गेले. तो एकटा ११-१२ वॅट खात होता. पिन पुन्हा लावून रिमोटने तो चालू केला, परत बंद केला, तरी लुकलुकीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रिमोटने पडद्यावरचे चित्र जाते, आतले यंत्र सिग्नल घेत जागेच राहते. झोपायच्या खोलीतला दुसरा बॉक्स ९ वॅटचा. वायफायचा राउटर आणि फायबरची डबी मिळून १०. इन्व्हर्टर १४. वर्षभरात दोनदा वाजलेला जुना होम थिएटर ६. टीव्ही, वॉशिंग मशीन, वॉटर प्युरिफायर यांचे मिळून तीनेक. मोबाइलचे चार्जर सगळे मिळून जेमतेम दोन वॅटचे. चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून आपण मुलांवर किती ओरडतो! नव्या चार्जरचे रिकामे राहून वर्षाला दोन युनिटही होत नाहीत. रागवायचेच तर चार्जरवर नव्हे, सेट-टॉप बॉक्सच्या डब्यावर रागवावे.

इन्व्हर्टर मी बंद केला नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. घरात म्हातारे माणूस आहे. त्याच उकाड्यात बॅटरीला भरणाही जास्त लागतो आणि पाणीही लवकर उडते, तेवढे सोसावे लागते. राउटर मात्र रात्री बंद ठेवतो. दोन्ही बॉक्स आणि होम थिएटर एका स्विचच्या बोर्डावर घेतले. सकाळी बॉक्स चालू व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, त्याची आमच्या ह्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता चहा होईपर्यंत बातम्या लागतात.

डिसेंबरचे बिल ११९ युनिटांचे होते, जानेवारीचे ९६. शंभरच्या पुढच्या टप्प्यात युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो आणि वर १६ टक्के वीज शुल्क, हे आपण सगळे जाणतोच. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की आमचा वापर दोनशेच्या पुढे जातो. तेव्हा वाचलेला प्रत्येक युनिट या महागड्या टप्प्यातला असेल. युनिटला दहा रुपयेच धरले तरी महिन्याला दोनशेवर रुपये.

पण पैशापलीकडेही एक गोष्ट मला सतावते. आपली वीज सगळीच दुरून येत नाही. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो, पाणी हतनूर धरणाचे, म्हणजे तापीचे. एका युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. वर्षभरात आमच्या एका घराचे सुमारे दोनशे किलो, म्हणजे चार पोती कोळसा, कोणी बघत नसलेल्या डब्यांसाठी जळत होता. अशी एक लाख घरे धरली तर रात्रंदिवस तीन मेगावॅटहून जास्त. इकडे माझा भाऊ पाळीची लाईट रात्री येते म्हणून विंचूकाट्यात कपाशीला पाणी भरायला जातो.

म्हणून माझी मागणी फक्त ग्राहकांकडे नाही. फ्रिज आणि एसी घेताना आपण तारे मोजतो. सेट-टॉप बॉक्स मात्र आपण निवडत नाही, केबलवाला किंवा डिशवाला जो देईल तो घ्यावा लागतो, आणि वीज मात्र आपल्या मीटरवर. आमच्या दोन्ही डब्यांवर किती वॅट खातो ते कुठेच लिहिलेले नाही; अडॅप्टरवर जे व्होल्ट-अँपिअर असतात ती कमाल क्षमता, प्रत्यक्ष वापर नव्हे. युरोपीय संघात नुसत्या बंद अवस्थेतल्या घरगुती उपकरणांना २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, नेटवर्कला जोडलेल्यांसाठी वेगळी. आपल्याकडे निदान एवढे व्हावे: चालू असताना किती वॅट आणि रिमोटने बंद केल्यावर किती वॅट, हे दोन आकडे डब्यावर मराठीत छापणे बंधनकारक करावे. ऊर्जा दक्षता ब्युरोने आणि दूरसंचार नियामकांनी मिळून हे मनावर घ्यावे.

वाचकांनाही विनंती आहे. एका रात्री फ्रिजची पिन पंधरा मिनिटे काढून मीटरची लुकलुक मोजा. आमच्या गल्लीत मी तीन घरांत मोजून दिली, तिन्हीकडे सगळ्यात जास्त खाणारा निघाला तो सेट-टॉप बॉक्सच. ताशी लुकलुकींना हजाराने गुणून ३२०० ने भागले की वॅट निघतात; मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर त्याने भाग द्या. आकडे आपल्या कार्यालयाकडे आले आणि आपण ते छापलेत, तर ते घेऊन मी स्वतः आमच्या केबलवाल्याकडे जाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव